एक अजून वर आहे

सोमवार, ३ नोव्हेंबर

टिटवी तुकडीचा इतिहास लिहायचं काम शेवटी घेतलं. आजवर मी सूतगिरणीचा इतिहास लिहिला, शाळांचे लिहिले, एका पाणीपुरवठा मंडळाचाही लिहिला. लढाऊ विमानांशी माझा संबंध इतकाच, की बाबा त्या तुकडीच्या टॉवरवर होते आणि आमचं घर तिच्या धावपट्टीवर उभं आहे. मी लहान असताना तुकडी मोडली, विमानतळ बंद झाला, जमिनीचे प्लॉट पडले आणि त्यातले बरेचसे तुकडीच्याच माणसांना मिळाले. समोरचा रस्ता इतका रुंद आणि सरळ कसा, असं नवे भाडेकरू विचारतात. म्हातारी माणसं त्याला अजून पट्टीच म्हणतात. "पट्टीवर दूधवाला आलाय का बघ."

काम घेऊन आले ते चिटणीस. तुकडीत असताना ते विमानांत दारूगोळा भरायचे. आता जुन्या मंडळींच्या संघाचं सगळं तेच बघतात.

"लेखिकाबाई, आम्ही जायच्या आत लिहा," म्हणाले. "नंतर लिहाल तर आमच्याबद्दल चांगलंच लिहावं लागेल."

मी माझा नियम सांगितला. दोन साक्षी मिळाल्याशिवाय मी काही छापत नाही. ते हसले. "मग पुस्तक पातळ होणार."

संध्याकाळी बाबांना सांगितलं. त्यांना आनंद होईल असं वाटलं होतं. त्यांनी एवढंच विचारलं, "बगळ्याचं काय लिहिणार?" मी कोण बगळा म्हणेपर्यंत ते खुर्ची ओढून गॅलरीत गेलेही. दिवेलागणीला ते तिथेच असतात. पाऊस असो, पाहुणे असोत, आई होती तोवर तिचं आजारपण असो, ते तिथेच. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांचेच बाबा या वेळी गॅलरीत बसतात.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

चिटणिसांकडे दुपारभर बसले. तुकडीचं बोधचिन्ह पाहिलं. पाठीवर झोपलेली टिटवी, पाय वर केलेले. टिटवी तशी झोपते म्हणतात, आभाळ पडलं तर पायांवर तोलायला. कुण्या वैमानिकाने गंमत म्हणून काढलं आणि तेच कायम झालं.

बगळा म्हणजे उंच, मान पुढे काढून चालणारा एक वैमानिक. तुकडी मोडायच्या आठवड्यात सरावाला गेला आणि परत आला नाही. ना विमानाचं भंगार सापडलं, ना माणूस. युद्ध नव्हतं, वादळ नव्हतं. फक्त धुकं होतं.

"म्हणजे वारले," मी लिहिता लिहिता म्हटलं.

"असं आमच्यात म्हणत नाहीत."

"मग काय म्हणतात?"

चिटणीस जरा घुटमळले. हा माणूस घुटमळताना मी प्रथमच पाहिला. "वर आहे म्हणतात," ते म्हणाले. "टॉवरवरच्या माणसाने उतरवल्याशिवाय वर गेलेला वरच."

मग त्यांनी टॉवरची एक पद्धत सांगितली. ती पुस्तकात घ्यायलाच हवी. विमान वर असताना टॉवरची खुर्ची सोडायची नाही. सोडायचीच झाली तर येणाऱ्याला सगळं सांगायचं: किती वर, कुठे, वारा कुठला. येणाऱ्याने ते जसंच्या तसं म्हणून दाखवायचं आणि शेवटी म्हणायचं, "घेतलं." हा शब्द ऐकल्याखेरीज जाणारा उठत नाही. आणि ज्याने विमान वर थांबवलं, त्यानेच ते खाली बोलवायचं, किंवा ज्याने "घेतलं" म्हटलं त्याने. तिसऱ्या कुणाच्या आवाजाला वैमानिक दाद देत नसे. धुक्यात आवाजांची गल्लत होऊन पूर्वी कधी दोघे एकाच वेळी पट्टीवर उतरले होते, त्यातून हा नियम आला.

"तुमच्या वडिलांना विचारा ना," ते म्हणाले. "त्या दिवशी खुर्चीवर तेच होते."

हे मला चाळीस वर्षांत कुणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही, हे जास्त खरं. इतिहास लिहिणारी बाई स्वतःच्या गॅलरीपर्यंत पोचली नाही.

रविवार, ९ नोव्हेंबर

पट्टीच्या दुसऱ्या टोकाला शेवटचं बैठं घर शिवणकाकूंचं. त्यांनी शिवणाचे वर्ग घेतले. माझ्या वयाच्या निम्म्या बायका त्यांच्याकडे काज करायला शिकल्या, मी सोडून. बगळा त्यांचा नवरा, हे आज चिटणिसांकडून कळलं. मी गेले तेव्हा त्या एका झब्ब्याची उसवलेली बाही शिवत होत्या.

"तुझ्या पुस्तकात एक वाक्य घालशील?" त्यांनी सुई न थांबवता विचारलं. "अमुक दिवशी तो वारला. बस. बाकी त्याच्याबद्दल काही नाही लिहिलंस तरी चालेल."

मी दोन साक्षींचा नियम सांगू लागले. त्यांनी मला पुरतं बोलू दिलं आणि मग म्हणाल्या, "अगं, मी म्हातारी झाले. मला कळायला नको का, मी बायको म्हणून मरणारे की विधवा म्हणून? लोक अजून विचारतात, काही पत्ता लागला का. मी म्हणते, लागेल. पन्नाशीपर्यंत ठीक होतं ते."

"तुम्हाला काय वाटतं, काकू?"

"मला वाटतं ते तू छापणार नाहीस." मग दोरा दाताने तोडून, "संध्याकाळी धुकं पडलं की डोक्यावर काहीतरी घरघरतं. आधी वाटायचं शिवणयंत्र चालू राहिलं. यंत्र विकून झाली की वर्षं."

येताना रस्ताभर विचार करत होते. काकूंना ते वाक्य मिळालं पाहिजे. पण खोटं असलं तर? आणि ते खरं नाही असं मानायला माझ्याकडे तरी काय आहे? चाळीस वर्षं कुणी वर राहत नाही. हे लिहून काढावं लागतंय याचीच लाज वाटते.

बुधवार, १२ नोव्हेंबर

बाबांना दम लागतो. डॉक्टर म्हणाले, दवाखान्यात ठेवा, चार दिवस प्राणवायू द्या, बरं वाटेल. बाबा म्हणाले, सकाळी नेता येईल का आणि संध्याकाळी परत आणता येईल का. डॉक्टर म्हणाले, हॉटेल नाही हे, आजोबा. बाबा म्हणाले, मग नको.

नवरा त्यांना समजावत बसला. त्याचं चष्म्याचं दुकान आहे, हट्टी म्हाताऱ्यांशी त्याचा रोजचा संबंध. पण त्याचीही मात्रा चालली नाही. "मामंजी, गॅलरी कुठे पळून जात नाही," तो म्हणाला.

"गॅलरी नाही जात," बाबा म्हणाले.

दिवेलागणीला मी मुद्दाम दाराआड उभी राहिले. हे बरोबर नव्हतं, पण राहिले. बाबा कठड्यावर हात ठेवून वर बघत होते. धुकं खाली आलं होतं, समोरचे दिवे पिवळे आणि मोठे दिसत होते. ते मधूनमधून पुटपुटत होते आणि मधे गप्प राहत होते, पलीकडचा बोलतोय आणि आपण ऐकतोय असं. शब्द एकच ऐकू आला. "थांब."

नवरा म्हणतो, वय झालंय. मला आठवतं, माझ्या शाळेच्या दिवसांतही ते हेच म्हणायचे. तेव्हा ते आत्ताच्या माझ्यापेक्षा लहान होते.

शनिवार, १५ नोव्हेंबर

आज विचारलं. दुपारी, कोवळ्या उन्हात, त्यांची नखं कापताना. समोरासमोर बसून विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं नसतं असं वाटतं. त्यांच्याच शब्दांत उतरवून ठेवते.

"दोघं परत येत होते. पुढच्याचं चाक फुटलं, विमान पट्टीच्या मधोमध आडवं. माणूस धडधाकट होता, पण पट्टी अडली. मागे बगळा. धुकं वाढत होतं. मी म्हटलं, थांब, वर थांब, सांगेपर्यंत उतरू नकोस. तो म्हणाला, थांबतो. झालं.

"आडवं विमान ओढायला वेळ लागला. त्याचं तेल संपत आलं असणार, सगळ्यांना ठाऊक होतं. कमांडरसाहेब वर आले. माझे हात कापत होते. ते म्हणाले, जा, चहा घे, मी बसतो. माझ्या कानावरचं काढून त्यांनी स्वतःच्या कानाला लावलं. मायेने केलं गं. मोठा माणूस होता. पण मी 'एक वर' असं सांगितलं नाही आणि त्यांनी 'घेतलं' म्हटलं नाही. पट्टी मोकळी झाल्यावर त्यांनी बगळ्याला किती हाका मारल्या. तो कसा उत्तर देईल? त्याला मी थांबायला सांगितलं होतं. साहेबांनी नव्हतं."

"मग तुम्ही का नाही बोलावलंत, बाबा? परत जाऊन?"

"जिना चढून आलो तर तेल संपून गेलं असणार म्हणून सगळे टोप्या काढून उभे. दुसऱ्या दिवशी टॉवरला कुलूप. त्याच आठवड्यात तुकडी मोडली. मग प्लॉट पडले." त्यांनी दुसरा हात पुढे केला. "आता कुठे बोलवू त्याला? पट्टीवर तुमची घरं आहेत."

मी म्हटलं, बाबा, ते वारले. तेव्हाच. हे तुम्हाला माहीत आहे.

"कळतं मला. मी काही खुळा नाही," ते म्हणाले. "पण मला खुर्चीवरून कुणी उठवलेलं नाही."

त्यांनी हे अगदी साधेपणाने सांगितलं. अंगठ्याचं नख जरा खोल कापलं गेलं. त्यांनी हात मागे घेतला नाही.

सोमवार, १७ नोव्हेंबर

रात्रभर त्यांचा दम थांबला नाही. सकाळी ओठ निळे. रुग्णवाहिका खाली उभी आणि बाबा खुर्चीचे हात धरून बसलेले. नवरा म्हणाला, उचलून नेऊ या. मला ते बघवेना. मी त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसले आणि म्हटलं, "बाबा, मला द्या."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "शब्द जपून वापर. तू शिकलेली आहेस."

"जपूनच वापरतेय."

मग ते ताठ बसले. दम लागलेल्या माणसाचा तो आवाजच नव्हता. "एक वर. पट्टीच्या उगवत्या टोकाला घिरट्या. वारा पश्चिमेचा. पट्टी अडलेली."

मी म्हटलं, "एक वर. उगवत्या टोकाला घिरट्या. वारा पश्चिमेचा. पट्टी अडलेली." नवरा दारात उभा राहून बघत होता. मी म्हटलं, "घेतलं."

बाबा स्वतःहून उठले. जिन्यात त्यांनी नवऱ्याला विचारलं, दवाखान्यातला चहा बरा असतो का.

मी त्यांना फसवलं का? मी जे म्हटलं त्यावर माझा विश्वास नव्हता, आणि त्यांचा होता, हे मला ठाऊक होतं. हेतू चांगला होता, ही सबब मी दुसऱ्या कुणाची मान्य केली नसती.

बुधवार, १९ नोव्हेंबर

बाबा गेले. झोपेत. परिचारिका म्हणाली, आल्यापासून एकदाही खिडकीकडे तोंड केलं नाही, इतका शांत पेशंट बघितला नाही. भिंतीकडे वळून, हात उशीखाली घेऊन, लहान मुलासारखे झोपले होते. मी माझ्या वडिलांना असं झोपलेलं आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं.

रविवार, २३ नोव्हेंबर

येणारी-जाणारी माणसं संपली. घर एकदम मोठं झालं आहे.

एक गोष्ट लिहून ठेवते, कारण उद्या मी ती गुळगुळीत करून टाकेन. काल संध्याकाळी आम्ही दोघं कागदपत्रांसाठी दवाखान्यात होतो. बाबांना दवाखान्यात नेलं त्या दिवसापासून रोज दिवेलागणीला मी गॅलरीतच होते. आधी दवाखान्यातून दमून आल्यावर जरा टेकायला, मग भेटायला आलेल्यांपासून सुटका म्हणून. काल नव्हते. परत आलो तर रस्त्यावर माणसं जमलेली. आमच्या गच्चीवरच्या टाकीचं झाकण तीन घरं पलीकडे जाऊन पडलं होतं. केबलची तार तुटली होती. दारांच्या काचा एकामागोमाग एक खडखडल्या, म्हणाले, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि सगळी कुत्री गाड्यांखाली शिरली. केबलवाला म्हणाला, वावटळ. मलाही दुसरं काही सुचत नाही.

धुक्यात वावटळ येते का, ते कुणाला तरी विचारायला हवं.

गुरुवार, २७ नोव्हेंबर

आता रोज बसते. नवऱ्याला सांगितलं, बाबांची आठवण येते म्हणून. हे खरं आहे, पण पुरतं खरं नाही.

पहिल्या दिवशी मी आधी काहीच बोलले नाही. घरघर ऐकू आली. लांबून, मग जवळून, मग डोक्यावर. काचा हलू लागल्या. मी मनात म्हटलं, पाण्याचा पंप असेल. काचा थांबेनात तेव्हा मी हळूच म्हटलं, "थांब." म्हणताना स्वतःचंच हसू आलं. काचा थांबल्या.

काल पुन्हा करून पाहिलं. न बोलता थांबले, काचा हलल्या. बोलले, थांबल्या. दोनदा झालं म्हणजे दोन साक्षी होत नाहीत. साक्षीदार एकच आहे आणि तो मी आहे, आणि माझे वडील नुकतेच गेले आहेत. पाणीपुरवठा मंडळाच्या इतिहासात मी असा पुरावा घेतला नसता.

नवरा आज चहा घेऊन आला आणि शेजारी टेकला. "काय बघतेस?"

"काही नाही."

"तुझ्या वडिलांसारखी बसायला लागलीस. तशीच मान वर करून." मग माझा हात धरून, "चार दिवस बहिणीकडे जाऊन ये ना. मी आहे की इथे. जे काय तुझं आहे ते माझ्याकडे दे."

मी इतक्या जोरात "नको" म्हटलं, की त्याच्या कपातला चहा सांडला. तो दुखावला. का नको ते मला सांगता आलं नाही. त्याला त्यातलं काही माहीत नव्हतं. तो सहज बोलला. पण बाबाही त्या दिवशी कमांडरसाहेबांच्या म्हणण्यावरून सहजच उठले होते.

सोमवार, १ डिसेंबर

चिटणिसांनी पुस्तकाची चौकशी केली. बाकी सगळं लिहून झालं आहे: तुकडी कशी उभी राहिली, विमानं कुठली, कोण कुठे गेलं, शेवटच्या दिवशी झेंडा कुणी उतरवला. बगळ्याच्या जागी कोरी जागा आहे. माझं घोडं तिथे अडलं आहे.

काकूंना ते वाक्य हवं आहे. बाबांकडून ऐकलेलं मी त्यांच्यापासून लपवून त्यांच्यासाठी ते वाक्य लिहायचं, हे मला जमणार नाही. आधी सांगायचं, मग त्या म्हणतील ते.

पण सांगायचा हक्क मला आहे का? बाबांनी मला सांगितलं ते नखं कापताना. पुस्तकासाठी नव्हे.

बुधवार, ३ डिसेंबर

सांगितलं.

काल काकू ऐकत असताना मी त्यांच्या हातांकडे बघत होते. झब्बा केव्हाच शिवून झाला होता. त्या त्याच्या कडा नखाने पुन्हा पुन्हा सपाट करत होत्या. पुरुषाचा झब्बा. बाही नेहमीपेक्षा लांब.

"म्हणजे तुझ्या बापाने माझ्या नवऱ्याला टांगून ठेवलं," त्या म्हणाल्या.

"हो."

"आणि मग त्याला तसाच टांगता ठेवायला आयुष्यभर स्वतः बसला."

"हो, काकू."

"मला एकदा येऊन सांगितलं असतं. मी भांडले असते, बोलले असते वाट्टेल ते. मग चहा केला असता." त्या उठल्या, खिडकी लावली, पुन्हा उघडली. "बायकोला विचारावंसं कुणाला वाटलं नाही. कमांडरला वाटलं नाही, टॉवरला वाटलं नाही. तो माझ्या आवाजाला ओ देत नव्हता असं थोडंच आहे? जेवायला हाक मारली की येत होता."

मग त्यांनी हात पुढे केला, एखादी परडी मागावी तसा. "आता कुणाकडे आहे ते?"

"माझ्याकडे."

"दे."

मी थांबले. हे नोंदवून ठेवते, की मी थांबले आणि विचार केला. पट्टीवर घरं आहेत, हे बाबा म्हणाले होते. पण घरं पट्टीच्या दोन्ही कडांना आहेत; मधला रस्ता मोकळाच आहे, फक्त गाड्या उभ्या असतात. आणि मी नक्की कशाचा विचार करते आहे, असंही वाटलं. समोर एक म्हातारी हात पसरून बसली होती. तिचंच होतं ते.

मी सगळं सांगितलं: एक वर, कुठे, वारा कुठला, पट्टी अडलेली. काकूंनी शब्दाला शब्द म्हणून दाखवलं. फक्त शेवटी म्हणाल्या, "अडलीय का? बघू." आणि मग, "घेतलं."

घरी येऊन संध्याकाळी आडवी झाले ती सकाळीच उठले. नवरा म्हणाला, घोरत होतीस. गॅलरीकडे एकदाही पाहिलं नाही मी. बाबांसारखी भिंतीकडे वळून झोपले होते म्हणे.

गुरुवार, ४ डिसेंबर

काकूंनी कमाल केली. सकाळपासून दारोदार फिरून प्रत्येकाला सांगताहेत, आज संध्याकाळी तेवढ्या गाड्या रस्त्यावरून काढा, मागच्या गल्लीत लावा. का, तर कुणाला म्हणाल्या पाहुणे येणार आहेत, कुणाला म्हणाल्या माझ्या समाधानासाठी. शिवणाच्या वर्गाला गेलेल्या बायकांनी नवऱ्यांना विचारलंसुद्धा नाही, किल्ल्याच घेतल्या. औषधाच्या दुकानाने आपली पाटी आत घेतली. रस्त्यावर आडवी बांधलेली जाहिरातीची कमान होती, ती चिटणिसांनी स्वतः उभं राहून सोडवली. काकू त्यांना काय बोलल्या कोण जाणे, त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला होता.

"गतिरोधकांचं काय?" काकूंनी त्यांना विचारलेलं मी ऐकलं.

"चाकं दणकट असतात वहिनी. दोन धक्के खाईल बगळा. उशीर केलाय त्याने."

दोघंही हसले. मी मात्र हसू शकले नाही.

आमची गाडीही काढली. किल्ली फिरवताना स्वतःला विचारलं, तू हे का करतेस. उत्तर येण्याआधीच गाडी मागच्या गल्लीत होती.

आता दिवेलागण होत आली आहे. गॅलरीत बसून हे लिहिते आहे, ड्यूटी म्हणून नव्हे, नुसती. रस्ता असा रिकामा मी कधी पाहिला नव्हता. केवढा लांब आहे. दोन्ही बाजूंच्या लोकांनी ओट्यांवरचे दिवे लावले आहेत, कुणी सांगितलं नसेल तरी एकाचे बघून दुसऱ्याने, आणि दिव्यांच्या दोन ओळी सरळ काकूंच्या फाटकापर्यंत गेल्या आहेत. लोक कठड्यांना टेकून उभे आहेत. पश्चिमेचा वारा आहे.

धुकं खाली येतंय. समोरचं घर दिसेनासं झालं. टोकाकडून काकूंचा आवाज येतो आहे. पोराला खेळातून घरी बोलवावं तसा, जरा वैतागलेला. "चल, ये आता. पुरे झालं."

शुक्रवार, ५ डिसेंबर

काल मी काय पाहिलं? काही नाही. धुकं होतं. ऐकलं ते एवढंच: लांबून सुरू होऊन आमच्यासमोरून गेलेला एक आवाज, जुनं जाड कापड एका दमात टरकावं तसा, मग दोन धक्के, आणि मग टोकाशी काहीतरी हळूहळू फिरत थांबल्यासारखं. वारा इतका आला, की या वहीचं पान उलटलं. काचा हलल्या नाहीत. कुत्री भुंकली नाहीत. थोड्या वेळाने लोक आत गेले आणि दारं लावल्याचे आवाज आले. जेवताना नवऱ्याने त्याबद्दल काही विचारलं नाही, मीही नाही. आज सकाळी सगळे आपापल्या गाड्या आणायला गेले, तेव्हाही कुणी कुणाकडे बघत नव्हतं.

रस्त्यावर औषधाच्या दुकानापासून काळे पट्टे आहेत, आधी पुसट, मग गडद. सफाईवाला म्हणाला, पोरांनी रात्री मोटारसायकली फिरवल्या असतील. असेल.

पट्टे काकूंच्या फाटकाशी संपतात. मी पुस्तकाचं ते वाक्य लिहून नेलं होतं, त्यांना वाचून दाखवायला. "त्या दिवशी ते वारले." नियम मोडून लिहिलं होतं. त्यांच्यासाठी एकदा मोडायला हरकत नाही, असं ठरवलं होतं.

ओट्यावर रॉकेलसारखा उग्र वास होता. काकूंकडे गॅस आहे. पण म्हातारी माणसं जुना स्टोव्ह जपून ठेवतात. दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांत तो झब्बा नव्हता. कडी वाजवली तर बराच वेळ कुणी आलं नाही. मग दार चार बोटं उघडलं. काकूंचे केस विंचरलेले होते, चेहरा जागरणाने उतरलेला, आणि मी त्यांना कधी असं बघितलं नव्हतं, नव्या नवरीसारखं थोडं ओशाळलेलं.

मी कागद काढला. "काकू, ते वाक्य..."

त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. मान वळवून आतल्या अंधाऱ्या खोलीकडे पाहिलं, आणि पुन्हा माझ्याकडे.

"नंतर गं," त्या कुजबुजल्या. "हळू बोल. आत्ता कुठे डोळा लागलाय."

मी "बरं" म्हटलं, तेही जेमतेम ऐकू जाईल असं. कागद घडी करून मुठीत धरला, चपला हातात घेतल्या, आणि त्यांच्या पायऱ्या अनवाणी उतरले.